ओढ्याच्या तोंडाचं पाणकणीस

मी मासेखात्यात नोकरी केली असं सांगितलं की सोलापुरातला माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "आपल्याकडं कुठले मासे?" प्रश्न रास्त आहे. ज्या जिल्ह्यात बायका टँकरची वाट बघत घागरींची रांग लावतात, तिथं सरकारनं माशांसाठी एक माणूस पगारावर ठेवावा आणि तो नेमका मी असावा, याचं पहिली दोन वर्षं मलाही नवल वाटायचं. त्यातून आमचं घर लिंगायताचं. घरात बोलणं कानडी, आणि चुलीवर कधी अंडंसुद्धा चढलेलं नाही. नोकरीचा कागद आला तेव्हा आईनं एवढंच विचारलं, की मासे मारायचे आहेत की पाळायचे. पाळायचे म्हटल्यावर म्हणाली, मग जा. पण संध्याकाळी मोरीत आंघोळ केल्याशिवाय तिनं मला स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही. सगळी उमर मी मासा वाढवला, मोजला, त्याच्या कल्ल्यांवरची बुरशी भिंगातून बघितली, पण त्याची चव काही मला ठाऊक नाही. भोई मंडळींना हे माहीत होतं, आणि त्यावरून मला चिडवायची एक संधी त्यांनी सोडली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात जिल्ह्यात जागोजाग तलावांची कामं निघाली. लोकांनी पोटासाठी खडी फोडली, माती वाहिली, आणि दुष्काळ सरल्यावर त्या तलावांत पाणी साठलं. पाणी आलं म्हणजे मासा हवा, आणि मासा आला म्हणजे तो धरणारा हवा. भीमेकाठची काही भोई कुटुंबं या नव्या तलावांवर येऊन राहिली. त्यांना बोटुकली पुरवायची, म्हणजे बोटाएवढी झालेली माशांची पिल्लं, आणि ती मोठी होईपर्यंत तलावाची काळजी घ्यायची, हे माझं काम. रोहू, कटला आणि मृगळ हे आमचे तीन लाडके.

बोटुकली यायची प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून, पत्र्याच्या डब्यात बसून. एकदा बार्शीच्या एसटीत कंडक्टरनं माझा डबा उघडायला लावला. त्याला वाटलं आत रॉकेल आहे. पिशवीतली वळवळणारी पिल्लं बघून गडी इतका खूष झाला, की पुढच्या प्रत्येक थांब्यावर खाली उभ्या असलेल्यांना बोलावून तो ती दाखवायला लागला. गाडी पाऊण तास उशिरा पोचली. पोचल्यावर मी पिशव्या तशाच बंद ठेवून तलावावर तरंगत ठेवल्या, तेव्हा तोही गाडी सोडून बघायला आला आणि म्हणाला, सोडा की आता. मी त्याला सांगितलं की पिशवीतलं पाणी आणि तलावातलं पाणी सारखं गार झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, नाहीतर पिल्लू दचकून मरतं. हे सगळं मी फार ऐटीत सांगितलं. त्या दिवसांत मी सगळंच ऐटीत सांगत असे, आणि आता जे सांगणार आहे ते त्या ऐटीचंच फळ आहे.

तो तलाव वळसंगच्या पलीकडं, अक्कलकोटच्या अंगाला. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथल्या लोकांची नातवंडं आज एकमेकांशेजारी सुखानं नांदत आहेत. सात भोई कुटुंबं बांधाखाली पालं ठोकून राहिलेली. त्यांची म्होरकी सुबाबाई. नवरा भीमेत गेलेला, लेक आणि जावई हाताशी. गूळ करायच्या मोठ्या काहिलीची होडी करून, तीत एकटी बसून ती तलावाच्या मधोमध जायची आणि जाळं टाकून यायची. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला सायेब म्हणायची, पण त्या सायेबात धाक असा काही नव्हता.

मासे सोडण्याआधीचं मोठं काम म्हणजे पाण्यातलं तण काढणं. दिवसा पाण्यातल्या वनस्पती पाण्याला हवा देतात, पण अंधार पडल्यावर त्याच वनस्पती हवा खायला लागतात, आणि तण फार माजलं तर पहाटेला माशांना श्वास पुरत नाही. शिवाय जाळं अडकतं, आणि मरळ नावाचा दरोडेखोर मासा तणात दडून बोटुकली गिळतो. त्यामुळे तण काढा, असं आमच्या पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. पुस्तकाची चूक नव्हती. मी ते पुस्तक डोळे मिटून वापरलं, ही माझी चूक.

एक ओढा शेतांमधून वाहत येऊन त्या तलावाला मिळायचा. त्याच्या तोंडाशी पाणकणीस माजलेलं होतं. पुरुषभर उंचीची ताटं, वर तपकिरी कणसं, बुडाशी लव्हाळा, आणि पुढं पाण्याखाली लांबलचक पाणगवत. तलावातलं सगळं तण निघाल्यावर मी विळेवाले ओढ्याच्या तोंडाकडं वळवले, तेव्हा मावशी आडवी आली.

"सायेब, आतलं सगळं काडा. वड्याच्या तोंडाचं तेवडं ऱ्हाऊ द्या. तितनं पानी गाळून येतंय."

मी तिला मरळ माशाबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच म्हटलं, मी पुन्हा मरळ सांगितला. तिसऱ्या दिवशी तिनं दोन तांबे आणून माझ्यापुढं ठेवले. एकात कणसांच्या अलीकडचं, ओढ्यातलं पाणी, चहासारखं. दुसऱ्यात पलीकडचं, तलावाच्या बाजूचं, त्यात तांब्याचा तळ दिसत होता. मी म्हणालो, मावशी, गाळ काय आपोआपही बसतो. आणि विळेवाल्यांना म्हणालो, चला. दोन दिवसांत त्यांनी तोंड मोकळं केलं, मुळंही उपटली.

एकच कोपरा राहिला. ओढ्याचा एक बारीक फाटा बाजूला वळून एका डबक्यात जायचा आणि तिथून तलावात उतरायचा. त्या फाट्यावर साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड होते. आसरा म्हणजे पाण्याच्या देवी. त्यांच्या भोवतीचं हिरवं तोडायचं नाही हा भोयांचा रिवाज, आणि विळेवाले तिथं हात लावायला तयार होईनात. मी मोठ्या मनानं म्हणालो, राहू द्या, श्रद्धा आहे. असा मी उदार.

तलाव आरशासारखा झाला. वरिष्ठ साहेब पाहणीला आले, खूष झाले, बांधावर माझा फोटोही निघाला. बोटुकली भराभर वाढली. श्रावणात मावशीनं जाळ्यात एक कटला धरून मला दाखवला, हातभर लांब. दिवाळीपासून विक्री सुरू करायची असं तिनं ठरवलं होतं. तिच्या लेकीला तेव्हा पाचवा महिना होता आणि या माशांवर त्या सगळ्यांचं वर्ष निघणार होतं.

ओढ्याला लागून गुरुशांतप्पांचं शेत. कापूस, मिरची, थोडी वांगी. साठीचा, सावकाश बोलणारा माणूस. आमची कानडी जुळायची, म्हणून तलावावर गेलो की त्यांच्याकडं ताक ठरलेलं. त्या दोन वर्षांत शेतकऱ्यांकडं पाठीवरचे फवारणीचे पंप आले होते, आणि कवटीचं चित्र असलेल्या बाटल्या. एंड्रिन. गावात त्याला विष कुणी म्हणत नसे, औषध म्हणत. अप्पांना त्या पंपाचं फार कौतुक. औषध मारून झालं की ते पंप ओढ्यात नेऊन स्वच्छ धुवायचे आणि फडक्यानं पुसून ठेवायचे. वापरल्यावर पंप धुवावा असं पंपाबरोबर आलेल्या कागदावर छापलेलं होतं. कुठं धुवावा हे छापलेलं नव्हतं. ओढ्याकाठचे सगळेच तसं करत, पण अप्पांचं शेत तलावाला सगळ्यांत जवळचं, त्यामुळे वस्तीवरून दिसायचे ते अप्पाच.

कापसावर बोंडअळी पडली, आणि एका आठवड्यात सगळ्यांनी फवारलं. लागोपाठ दोन दिवस जोराचा पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मावशीचा जावई सायकल हाणत सोलापुरात माझ्या कचेरीत आला. म्हणाला, "सायेब, मासं येडं झाल्यात."

मी पोचलो तेव्हा मासे खरोखर वेडे झालेले होते. पाण्यात गोल गोल फिरत होते, उलटे होऊन पुन्हा सरळ होत होते, काही उड्या मारून काठावर पडत होते. बारकी आधीच मेलेली, मोठी मरायला लागलेली. बेडूक मेलेले, पाण्यावर धावणारे किडेसुद्धा मेलेले. सुबामावशी काठावर गुडघ्यात डोकं घालून बसलेली. तिची लेक पोटावर हात ठेवून मागं उभी होती. सगळ्या नोकरीत मी एकदाच रडलो, ते त्या दिवशी, आणि कुणाला दिसू नये म्हणून पाण्यात उतरून तोंड धुतलं. मावशी ओरडली, त्या पाण्यानं धुऊ नगा.

इथं जरा धंद्यातलं सांगतो. हवा कमी पडून मासे मरतात ते पहाटे, तोंड वर काढून, आणि मोठे आधी मरतात, कारण मोठ्याला हवा जास्त लागते. विषानं मरतात ते कुठल्याही वेळी, वेड्यासारखे फिरून, आणि लहान आधी मरतात. तेव्हा हे विष आहे याबद्दल मला काठावरच शंका उरली नाही. भोयांनाही नव्हती. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. आसरांच्या मागच्या डबक्यातली बोटुकली जिवंत होती, मजेत पोहत होती. म्हणजे देवीनं आपलं राखलं. आणि जे बाकी मेलं ते माणसानं मारलं. आणि माणूस कोण, तर अप्पा. महिन्यापूर्वी अप्पांच्या म्हशी जाळ्यांवरून गेल्या म्हणून भांडण झालं होतं, ते सगळ्यांच्या ध्यानात होतं. मी पोचायच्या आत वस्तीवरच्या तिघांनी अप्पांना घरातून बाहेर काढून फौजदाराकडं नेलं होतं, आणि मावशी फिर्यादीवर अंगठा देऊन परत आली होती.

फौजदार शहाणा माणूस होता. त्यानं अप्पांना बाकावर बसवलं होतं, आत घातलं नव्हतं. मला म्हणाला, तुम्ही माशांतले जाणकार, चार दिवसांत लेखी द्या, विष कुणी टाकलं की काय झालं. तुमच्या कागदावर मी पुढचं करीन. अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि कानडीत एवढंच म्हणाले, "ना माडिल्लरी." मी केलं नाही हो. माझ्याबरोबर येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या जावयानं ते कानडी ऐकलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की मला त्याच्या मनातलं सगळं कळलं. साहेब अप्पांचा जातभाई. साहेब अप्पांचं ताक पितो.

पाण्यातलं औषध तपासायची सोय त्या काळी सोलापुरात नव्हती. बाटली भरून लांब पाठवली तर उत्तर यायला महिने लागायचे. पण आमच्या धंद्यात एक साधी युक्ती होती. माशांनाच विचारायचं. मी गावातल्या शाळेच्या ओट्यावर चार नवी मडकी मांडली आणि सगळ्यांच्या देखत भरली. पहिल्यात ओढ्याचं माळावरचं पाणी, जिथं अजून शेतं सुरूच होत नाहीत. दुसऱ्यात अप्पांच्या शेताच्या वरचं, म्हणजे बाकीच्या सगळ्यांच्या शेतांतून आलेलं. तिसऱ्यात अप्पांच्या शेताच्या खालचं. चौथ्यात आसरांच्या डबक्यातलं. प्रत्येकात चार चार बोटुकली सोडली, आणि आम्ही बघत बसलो. शाळा सुटल्यासारखीच होती, मास्तरही येऊन बसले होते.

माळावरच्या पाण्यातली जगली. डबक्यातली जगली. अप्पांच्या शेताखालची अर्ध्या तासात उलटी झाली. आणि अप्पांच्या शेताच्या वरची? तीही उलटी झाली, पाऊण तासात. ओट्यावर गडबड उडाली, कारण वरच्या शेतवाल्यांतले निम्मे तिथंच उभे होते. कुणी विष ओतलं नव्हतं. सगळ्यांनीच औषध मारलं होतं, सगळ्यांनीच पंप धुतले होते, आणि पावसानं शेतांची माती धुऊन ओढ्यात आणली होती.

मला हायसं वाटलं. अप्पा सुटले, असं मी मनात म्हणत होतो, तेवढ्यात मावशी पुढं आली. तिनं चारही मडक्यांत वाकून बघितलं आणि मला विचारलं, "सायेब, मागल्या साली बी आवशिद मारलं, मागल्या साली बी आसाच पाऊस झाला. तवा का न्हाय मेलं?"

मागच्या वर्षी तलावात आमची बोटुकली नव्हती, पण बांधापुढचे साधे गावठी मासे होते, आणि एकही मेला नव्हता. मला उत्तर माहीत होतं. सगळ्यांच्या देखत मला उत्तर माहीत होतं, आणि मी म्हणालो, बघावं लागेल.

बघितलंही. दुसऱ्या दिवशी ओढ्याचं तेच विषारी पाणी दोन मडक्यांत भरलं. एकात आसरांच्या डबक्यातलं ओंजळभर पाणगवत आणि पाणकणसाची मुळाबुडाची दोन ताटं घातली, दुसरं तसंच ठेवलं. एक दिवस जाऊ दिला आणि मग मासे सोडले. नुसत्या पाण्याच्या मडक्यातले तासाभरात गेले. गवताच्या मडक्यातले चारांपैकी तीन संध्याकाळपर्यंत धड होते. चौथा मेला, हेही सांगितलं पाहिजे.

हे का होतं ते मला नंतर हळूहळू समजलं. दाट ताटांमध्ये पाणी मंदावतं, आणि मंदावलं की गाळ खाली बसतो. हे औषध पाण्यात विरघळून राहण्यापेक्षा गाळाच्या कणांना चिकटून राहणं जास्त पसंत करतं, म्हणून गाळाबरोबर तेही बसतं. काही ताटांवरच्या बुळबुळीत थराला चिकटतं, काही वनस्पती स्वतःत ओढून घेतात. पण तण म्हणजे काही वैद्य नव्हे. उन्हाळ्यात ते तिथंच कुजलं तर धरलेलं विष पुन्हा पाण्यात सुटू शकतं, आणि तेच तण म्हशीला घातलं तर विष दुधापर्यंत जायची भीती. म्हणून ते दर वर्षी उन्हाळ्याआधी कापायचं, मुळं ठेवायची, आणि कापलेलं पाण्यापासून लांब खड्ड्यात पुरायचं, असं मी पुढं सगळ्या तलावांवर सांगत हिंडलो. सांगोल्याकडच्या एका धनगरानं मेंढ्यांच्या गोचिडांचं औषध विहिरीशेजारीच धुऊन काढलं होतं, आणि विहिरीतले मासे मेल्यावर तो माझ्याकडं माशांचं औषध मागायला आला होता. त्यालाही मी हीच कथा सांगितली. तो म्हणाला, म्हंजी तुमीबी आमच्यावानीच की. मी म्हटलं, व्हय.

पण तेव्हा हातात होती फक्त दोन मडकी आणि एक कोरा कागद. वरिष्ठ साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते माणूस वाईट नव्हते. म्हणाले, अहो, पाण्यात हवा कमी पडली असं लिहा. ढगाळ हवा होती, पटेल. तुमचा अप्पा सुटतो, तुम्हीही सुटता, कुणाचंच वाकडं होत नाही. मी सायकलवरून घरी येईपर्यंत मला ते पटलंही होतं. चहा पिताना बायकोला सांगितलं. ती अक्कलकोटची, कमी बोलणारी. तिनं एकच विचारलं, की मग पुढच्या पावसात काय. मी म्हटलं, पुढच्या पावसात मी मावशीला सांगेन की कणीस लावा. ती म्हणाली, आणि ती विचारेल की का, तेव्हा?

चहा गार झाला. हवा कमी पडली असं लिहिलं असतं, तर अप्पा कागदावर सुटले असते आणि गावात कायमचे अडकले असते. कानडी साहेबानं कानडी माणसाला सोडवलं, एवढंच भोयांनी म्हटलं असतं, आणि त्यांचं चुकलंही नसतं. मी कागद ओढला. शेतांतलं औषध पावसानं ओढ्यात आलं, त्यात कुणा एकाचा हेतू वा अपराध नाही, असं लिहिलं. आणि खाली लिहिलं की ओढ्याच्या मुखावरील पाणवनस्पती हे औषध बऱ्याच अंशी अडवत होत्या, स्थानिक मच्छीमार सुबाबाई यांनी त्या काढू नयेत असं तीन वेळा सांगितलं होतं, आणि त्या माझ्या आदेशावरून काढण्यात आल्या. सरकारी मराठीत स्वतःची चूक लिहायला फार अवघड जातं. क्रियापद सारखं कर्ता टाकून पळायला बघतं.

फौजदाराकडं द्यायच्या आधी तो कागद मी शाळेच्या ओट्यावर वाचून दाखवला. अप्पा होते, वरचे शेतवाले होते, भोई होते. वाचून झाल्यावर जावई म्हणाला, तुमी कागूद लिवला, आमी काय खावं? मावशी उठून पुढं आली.

"आमचं साल गेलं," ती म्हणाली. "ते तुमच्या लिवण्यानं माघारी येत न्हाय. पर लिवलं ते बरं केलं." मग ती अप्पांकडं वळली. "अप्पा, उद्या मी येते फौजदाराकडं. अंगठा मी दिलता, मीच काडून घेते."

अप्पांनी हात जोडले. त्या दिवसानंतर त्यांनी ओढ्यात पंप धुतला नाही. शेताच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी खड्डा काढला, पंपाचं पाणी त्यात ओतायला लागले आणि वरच्या शेतवाल्यांच्या घरोघरी जाऊन त्यांनाही खड्डे काढायला लावले. माझ्या सेवापुस्तकात ठपका आला आणि बढती पुढं गेली, त्याचं मला पुढं फारसं वाटलं नाही. वाटलं ते याचं, की सातांपैकी चार कुटुंबं त्या हिवाळ्यात ऊसतोडीला गेली. मावशीची लेक तशा दिवसांत गेली. तिचं बाळंतपण फडावर, पाचटाच्या खोपटात झालं. मूल जगलं. पण ते ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि आजही कुणी माझ्या नोकरीचं कौतुक करायला लागलं की मला आधी ते खोपटं आठवतं.

पौषात मी तलावावर गेलो. ओढ्याच्या तोंडाशी पुन्हा पाणकणीस लावायचं होतं, आणि मुळं आणायची कुठून याची मला काळजी होती. जवळपास कणीस उरलं होतं ते फक्त आसरांच्या दगडांभोवती, आणि तिथलं पान तोडायचं नाही. मी मावशीला म्हणालो, मी भीमेवरून आणवतो. तिनं त्या दगडांना हिरव्या बांगड्या वाहिल्या, हळदकुंकू लावलं, बराच वेळ हात जोडून उभी राहिली, आणि मग स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरून मुळासकट ताटं उपटायला लागली. अप्पा काठावर टोपली घेऊन उभे होते. मी म्हटलं, मावशी, रिवाज मोडतोय.

"त्यास्नी इचारलं मी," मावशी म्हणाली. "पोरींनू, लेकरं जगायची आसतील तर द्या, म्हनलं. दिली."

मी कागदावर आखून आणलं होतं, किती अंतरावर किती ताटं. दोन माणसंही बोलावली होती, लावायला. मावशीनं त्या दोघांना बाजूला बसवलं. चिखलानं भरलेली टोपली तिनं अप्पांच्या हातून घेतली आणि माझ्या पायांशी ठेवली. माझ्या हातातला कागद तिनं बघितला, पण घेतला नाही.

"तुमचं ऐकून उपटलं," ती म्हणाली. "आता माजं ऐकून लावा."

मी कागद खिशात घातला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि पहिलं ताट कुठं लावू म्हणून तिला विचारलं.